रेड सॉक्सच्या नादी लागताय? मग या चुका टाळा

मार्च संपत आला की बॉस्टनच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर रेड सॉक्सचे, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाचे, नवे भक्त उगवतात. कुणी नुकतंच नोकरीसाठी आलेलं असतं, कुणाची मुलं लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलला, जायला लागलेली असतात, कुणाला ऑफिसात सगळे बोलतात म्हणून आपणही चार वाक्यं बोलावीत असं वाटतं. स्वागत आहे सगळ्यांचं. पण जून उजाडेपर्यंत यातले बरेच जण गळालेले असतात आणि जाताना 'काय कंटाळवाणा खेळ आहे' असं सर्टिफिकेट देऊन जातात. खेळ कंटाळवाणा नाही. तुमची घाई नडते. दर वर्षी त्याच त्या चुका पाहून आता हे लिहायला बसलो.

एप्रिलमध्येच निकाल लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

आयपीएलच्या साखळी फेरीत एका संघाचे 14 सामने असतात. तिथे लागोपाठ तीन हरलात की पोटात गोळा येणं साहजिक आहे. बेसबॉलच्या सीझनमध्ये एक संघ 162 सामने खेळतो. मार्चअखेर सुरू होतो, सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज खेळतो. यात उत्तम संघही साठेक सामने हरतो, हे आधी डोक्यात घट्ट बसवा. 2018 चा रेड सॉक्स हा या क्लबच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकलेला संघ. 108 जिंकले. म्हणजे 54 हरलेच की!

त्या वर्षीचा पहिलाच सामना मला चांगला आठवतो. टँपा बेला होता. ॲलेक्स कोराचा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) म्हणून पहिला दिवस. आपला पिचर (क्रिकेटमधला बॉलर म्हणा) ख्रिस सेलने सहा इनिंग एकही रन दिली नाही, नऊपैकी आठव्या इनिंगला आपण 4-0 ने पुढे. मग बुलपेनमधून आलेल्या बदली पिचरांनी त्या एकाच इनिंगमध्ये सहा रन दिल्या आणि सामना 6-4 ने गेला. क्रेग किंब्रेल हा हुकमी क्लोझर, म्हणजे शेवट सांभाळणारा पिचर, तसाच बसून राहिला. आमच्या ग्रुपवर एक नागपूरचा मुलगा होता, हुशार, पण स्वभावाने उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याने त्या रात्री भलामोठा मेसेज टाकला. कोराला काही कळत नाही, हा माणूस हाकला, हा सीझन गेला वगैरे. शेवटी हात जोडलेले इमोजी, आणि ग्रुप सोडला. पहिल्या सामन्यानंतर! अजून 161 बाकी होते. त्यानंतरच्या 18 सामन्यांपैकी संघाने 17 जिंकले आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अंतिम विजेतेपदही घेतलं. तो मुलगा विजयाच्या मिरवणुकीला मात्र लाल टोपी घालून सगळ्यांच्या पुढे उभा होता.

याचं उलटं टोक बघायचं तर 2011 घ्या. सुरुवातीचे सहाच्या सहा सामने हरले, मग 2-10 (दोन जिंकले, दहा हरले) अशी अवस्था. सगळ्यांनी श्राद्ध घातलं. उन्हाळ्यात तोच संघ लीगमधला सगळ्यात तगडा वाटायला लागला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफमधल्या जादा जागेच्या, शर्यतीत टँपापेक्षा नऊ सामन्यांनी पुढे होता. तेव्हा लोकांनी पेढे वाटले. आणि मग सप्टेंबरमध्ये 7 जिंकले, 20 हरले. शेवटच्या रात्री बाल्टिमोरमध्ये नवव्या इनिंगला सामना घालवला. त्यानंतर काही मिनिटांतच तिकडे 0-7 ने मागे पडलेल्या टँपाने आपल्या कट्टर वैऱ्यांना, न्यूयॉर्क यांकीजला, हरवलं, इव्हान लाँगोरियाच्या होमरनने (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका). सीझन खलास. एप्रिलचं श्राद्ध चुकलं आणि सप्टेंबरचे पेढेही.

माझी सवय अशी : मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे, येईपर्यंत मी गुणतक्ता उघडतच नाही. त्यानंतरही दहा-दहा सामन्यांचा हिशेब धरतो. दहात सहा जिंकले की त्या गतीने वर्षाअखेर 97 होतात, म्हणजे बहुतेक वर्षी प्लेऑफ नक्की. दहात पाच असतील तर थोडी चिंता. कालची हार हा विषय सकाळच्या चहापुरता. 2019 साली वॉशिंग्टन नॅशनल्स मे महिन्यात 19-31 वर होते, आणि वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकली. यापुढे मला कुणी एप्रिलमध्ये 'संपलं' असा मेसेज पाठवला तर मी नुसतं '19-31' लिहून पाठवणार आहे.

162 च्या 162 सामने बघायचा संकल्प

करू नका. संसार आहे, नोकरी आहे. 2023 पासून पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा, आल्यामुळे सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो हे खरं, पण रोजचे दोन तास चाळीस मिनिटं म्हणजेही दुसरी नोकरीच. हा खेळ रेडिओसाठी जन्माला आलाय असं माझं ठाम मत आहे. एफएम 93.7 वर लावा, पोळ्या लाटा, भांडी घासा, गॅरेज आवरा. जो कॅस्टिग्लिओनी 1983 पासून 2024 पर्यंत रेडिओवर रेड सॉक्सची कॉमेंट्री करत होते. निम्म्या न्यू इंग्लंडने हा खेळ त्यांच्या आवाजातच शिकला. आठवड्यातून एखादा सामना मात्र फोन बाजूला ठेवून नीट बघावा, आणि तो निवडताना पिचर कोण आहे ते बघावं. सुरुवात करणारे पाच पिचर आळीपाळीने येतात. 'काल तो इतका भारी टाकत होता, आज का नाही?' हा प्रश्न विचारणारा ओळखावा नवखा.

फेनवेची स्वस्त तिकिटं

आता माझ्या दुसऱ्या लाडक्या विषयाकडे येतो. रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क 1912 चं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं सगळ्यात जुनं मैदान. जुनं आहे म्हणून लोकांना त्याचं प्रेम, आणि जुनं आहे म्हणूनच ग्रँडस्टँडचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं आहे. खांब प्रेक्षकांच्या मधोमध आहेत. तिकीट खिडकीवर अशा जागांवर 'दृश्य अडतं' असा शिक्का असतो. पण दुसऱ्याने पुन्हा विकायला काढलेल्या तिकिटावर ती सूचना कुठेतरी खाली बारीक अक्षरात असते, आणि 'डील मिळालं' या आनंदात ती वाचतंय कोण?

आमच्या ओळखीतला वेस्टबरोचा एक मुलगा, मूळ साताऱ्याचा. सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. जावईबापूंनी हौसेने पाच तिकिटं काढली, पाचवं माझ्यासाठी, खेळ समजावून सांगायला. शेजारच्या सेक्शनपेक्षा जवळजवळ निम्म्या भावात मिळाली म्हणून गडी गाडीत सबंध रस्ताभर खूश. मी विचारलं, "रांग कुठली?" तर म्हणाला, "काका, फेनवेत सगळीकडून छानच दिसतं." मी गप्प बसलो.

जाऊन बसलो तर सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर हिरवा खांब. बॅटर दिसतोय, कॅचर दिसतोय, पिचर मात्र अख्खाच्या अख्खा गायब. अण्णा निवृत्त हेडमास्तर, तक्रार करणाऱ्यांतले नव्हेत. दोन इनिंग त्यांनी शांतपणे पाहिल्या. मग हळूच म्हणाले, "हा चेंडू खांबातून येतो का हो?" त्यानंतर जागांची अदलाबदल सुरू झाली. एका इनिंगला एकाने खांब सोसायचा. जावयाने अर्थातच दोन पाळ्या घेतल्या. त्या लाकडी खुर्च्या इतक्या अरुंद की प्रत्येक वेळी सगळी रांग उठवायला लागायची, आणि मागचा एक म्हातारा दर वेळी काहीतरी पुटपुटायचा. पाचव्या इनिंगपर्यंत अण्णांची मान एका बाजूला आखडली. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या शेंगदाणे विकणाऱ्या पोऱ्याचा नेम बघण्यात रंगल्या होत्या. वीस फुटांवरून पुडी बरोबर हातात!

तेव्हा तिकीट घेताना नुसता सेक्शन पाहून भागत नाही, रांग आणि खुर्चीचा नंबर पाहायचा. त्या जागेवरून काढलेले फोटो इंटरनेटवर मिळतात, दोन मिनिटांचं काम आहे. उजव्या बाजूच्या ग्रँडस्टँडमध्ये खांब नसला तरी खुर्च्यांचं तोंड बॅटरकडे नसून सेंटर फील्डकडे आहे. तीन तास मान वळवून बसावं लागतं. माझं मत विचाराल तर ब्लीचर्स. मैदानाच्या पार मागे, डोक्यावर छप्पर नाही, म्हणून खांबही नाही. टोपी घाला, पाणी प्या, समोर सगळं मैदान आणि उजवीकडे ग्रीन मॉन्स्टर ही 37 फुटी हिरवी भिंत. मंगळवार-बुधवारचा, फारसं नाव नसलेल्या संघाशी सामना निवडलात तर खिसाही वाचतो. यांकीज आले असताना 'आयत्या वेळी भाव पडतील' म्हणून थांबणाऱ्यांना मात्र माझा साष्टांग नमस्कार.

आणि गाडी नेऊ नका. फ्रेमिंगहॅम-वूस्टर लाइनची गाडी थेट लॅन्सडाउन स्टेशनला थांबते, मैदानापासून काही पावलांवर. तरीही लोक पार्किंगला तिकिटाइतके पैसे मोजतात आणि वर ट्रॅफिकवर बोलतात.

पेट्रिअट्स डेला उशिरा पोचणे

एप्रिलचा तिसरा सोमवार. बॉस्टन मॅरेथॉनचा दिवस, मॅसॅच्युसेट्सची सुट्टी. त्या दिवशी फेनवेचा सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. दर वर्षी कुणीतरी आरामात जेवून दीड वाजता निघतं आणि केनमोर स्टेशनवर उलट्या दिशेने येणाऱ्या गर्दीला विचारतं, "स्कोअर काय?"

नावाची जर्सी

लोकांनी मुकी बेट्सची जर्सी घेतली, तो फेब्रुवारी 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला. मग झँडर बोगार्ट्सची घेतली, डिसेंबर 2022 मध्ये तो सॅन डिएगोला. मग शहाणे झाले आणि म्हणाले, रफाएल डेव्हर्सचा दहा वर्षांचा करार आहे, 31 कोटी डॉलरच्या वरचा, तो कुठे जातोय? जून 2025 मध्ये यांकीजला तिन्ही सामन्यांत धूळ चारली आणि त्याच संध्याकाळी डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला रवाना. हा धंदा आहे, इथे माया लावायची ती टोपीला. जर्सीच हवी असेल तर घरच्या सामन्यांची पांढरी घ्या. तिच्या पाठीवर नाव नसतंच, नुसता नंबर असतो. तोही निवृत्त केलेला घ्या : टेड विल्यम्सचा 9, पेड्रो मार्टिनेझचा 45 किंवा डेव्हिड ऑर्टिझचा 34. त्यांना आता कुणी ट्रेड करू शकत नाही.

मैदानात बसून फोनमध्ये डोकं

दोन पिचच्या, म्हणजे पिचरने टाकलेल्या दोन चेंडूंच्या, मधल्या वेळात काय करायचं हे कळत नाही, म्हणून फोन निघतो. त्यापेक्षा कागदावर स्कोअर लिहा. मी नेहमी पेन्सिल नेतो. पेन नको, खोडावं लागतं. क्षेत्ररक्षकांना 1 ते 9 आकडे ठरलेले आहेत : पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3 असे. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याला दिला, त्याने फर्स्टला, दोन्ही धावपटू बाद, की चौकटीत लिहायचं 6-4-3. बॅटर स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला, की इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला असेल तर तोच के उलटा. दहा वर्षांची पोरं अर्ध्या तासात शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो, कारण ते मध्येच मेल बघतात.

आणखी काही, थोडक्यात

आठव्या इनिंगच्या आधी उठू नका. मग पार्किंग लवकर सुटलं म्हणून खूश व्हाल आणि नववीतला होमरन रेडिओवर ऐकाल.

देशभराच्या स्ट्रीमिंगची वर्गणी भरली की सगळं दिसेल असं धरून चालू नका. न्यू इंग्लंडात राहत असाल तर रेड सॉक्सचेच सामने त्यात थेट दिसत नाहीत, त्यासाठी नेसन (NESN) ही इथली स्पोर्ट्स वाहिनी लागते. आधी वाचा, मग कार्ड काढा.

बेटिंग ॲप. 2023 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर आहे, ठीक. पण ज्याला खेळात मजा येण्यासाठी पैसे लावावे लागतात त्याने दुसरा खेळ शोधावा.

नव्या पोरांना आधीच बघायचं असेल तर वूस्टरला जा. रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या लगेच खालचा, 2021 पासून तिथल्या पोलर पार्कवर खेळतो. रोमन अँथनी जून 2025 मध्ये मुख्य संघात आला, त्याआधी त्याला तिथे कमी पैशांत, जवळून बघता येत होतं. 'मोठा झाला की बघू' म्हणणारे आता फेनवेच्या भावाने बघतायत.

पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यांसाठी

तुमची चूक वेगळीच : रोज पहाटेचा गजर. फेनवेवरचा संध्याकाळचा सामना तुमच्याकडे सव्वाचार-साडेचारला सुरू होतो. हे चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी ऑफिसात झोप. त्याऐवजी रविवारी दुपारी दीडच्या सुमाराचा सामना घ्या, तो भारतात रात्री अकराला लागतो. आणि संघ कॅलिफोर्निया किंवा सिॲटलच्या दौऱ्यावर गेला की तुमची चैन. आम्ही इथे मध्यरात्री एकपर्यंत जागत असतो आणि तुम्ही सकाळी साडेसातला पोहे खात बघता. वेळापत्रकात अमेरिकेची तारीख असते हे लक्षात ठेवा, मंगळवारचा सामना तुमचा बुधवार असतो. रेकॉर्डिंग बघायचं असेल तर स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन रात्रीच बंद करा, आणि आमचा ग्रुप म्यूट करा. माझ्या मावसभावाला हे अनेकदा सांगून झालंय. तो ग्रुप म्यूट करत नाही आणि निकाल कळला म्हणून भांडायला मलाच फोन करतो, तेही इथल्या रात्री.