सांगलीच्या उन्हाळ्यात यीस्टचे डबल म्युटंट

एम.एस्सी.चं प्रोजेक्ट यीस्टच्या सेल सायकलवर, म्हणजे पेशीच्या विभाजनाच्या चक्रावर, घेतलं असेल, तर ते चक्र चालवणारी प्रोटीनं सायक्लिन आणि सीडीके, आणि त्याला वाटेत थांबवणारे चेकपॉइंट तुमचे पाठ असणारच. त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते तापमानाबद्दल, कारण माझं अख्खं सेमिस्टर त्यानंच खाल्लं.

अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टवेल यांनी सिॲटलमध्ये वेगळे काढलेले सीडीसी म्युटंट, म्हणजे सेल सायकलच्या एखाद्या जीनमध्ये बिघाड असलेलं यीस्ट, २३ अंशांना वाढतात आणि ३६ च्या आसपास विभाजनात अडकतात. प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' तिकडचं आहे. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, दुपारी टेबलावरची प्लेट म्हणजे आपोआप ३६ ची प्लेट. साध्या इन्क्युबेटरला थंड करता येत नाही, म्हणून थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच हवा. लाइट गेली की तोही चढत जातो. आत पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर बुडवून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ रीडिंग वहीत लिहा. डिस्प्लेवर विसंबू नका.

एवढं का सांगतोय? डबल म्युटंटची, म्हणजे दोन जीन एकत्र बिघडलेल्या यीस्टची, सहनशक्ती अनेकदा एकच जीन बिघडलेल्या सिंगलपेक्षा कमी असते. दोन्ही सिंगल ३० ला नीट वाढतात, डबल ३० ला मरतो, पण २३ ला जगतो. हेच तर जेनेटिक इंटरॅक्शन, दोन जीनचा एकमेकांशी संबंध! पण प्लेट रात्रभर नक्की किती अंशांवर होती हे माहीत नसेल, तर तुम्ही बेधडक 'सिंथेटिक लेथल' (दोन्ही बिघाड एकत्र आले की मरणारा) लिहून मोकळे होता. उलटंही होतं: ३६ ला तुरळक कॉलनी दिसतात, त्या रिव्हर्टंट (मूळ बिघाड उलटलेल्या) किंवा सप्रेसर (दुसऱ्या म्युटेशननं बिघाड झाकलेल्या) असतात, आणि आपण म्हणतो इंटरॅक्शन नाही. म्हणून वाइल्ड टाइप (बिघाड नसलेलं यीस्ट), दोन्ही सिंगल आणि डबल एकाच प्लेटवर, दहापट डायल्यूशनचे ठिपके देऊन, आणि अशा प्लेटा २३, २७, ३०, ३३, ३६ ला. यातला एकही कंट्रोल गाळलात तर निकाल फेकून द्या.

मग मायक्रोस्कोप. सीडीसी२८चा म्युटंट अडकला तर पेशीला कळीच (नवी पेशी होणारा फुगवटा) नसते, सीडीसी२० अडकला तर कळी आईएवढी मोठी होऊन थांबते. नुसतं 'वाढ नाही' हे उत्तर नव्हे.

डेटाबेसमधलं जेनेटिक इंटरॅक्शनचं जाळं डाउनलोड करून थिसिसमध्ये चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. रेषा दिसली म्हणजे दोन प्रोटीन एकमेकांना चिकटतात असं मुळीच नाही. सायक्लिनची सीएलएन१, २, ३ ही तिन्ही जीन काढली की पेशी मरते, सोबत सीडीकेला रोखणारं सिक१ काढलं की जगते. हे का होतं ते कागदावर मांडता आलं, की निम्मं काम झालं. गाइड निवडताना नाव पाहू नका, तुमची प्लेट उजेडात धरून बघणारा माणूस शोधा.

घाबरू मात्र नका. वाइल्ड टाइप ३० ला दीड तासात दुप्पट होतो, बिघडलेला प्रयोग त्याच आठवड्यात पुन्हा लावता येतो. बीओडीत जागाच नसेल, तर क्रॉस आत्ता करा, त्यातून मिळालेल्या डिप्लॉइडचा (दोन्ही पालकांचे जीन असलेल्या पेशींचा) ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेवा आणि टेट्रॅड (त्याच्या चार बीजाणूंचे गट) डिसेंबरात तोडा.