वरची छाती भरायची तर आधी बेंचचा कोन तपासा

जिममधला इन्क्लाइन बेंच, म्हणजे पाठ तिरकी करता येणारा बाक, बहुतेक वेळा कुणीतरी आदल्या सेटला चढा करून ठेवलेला असतो, आणि आपण तसेच त्यावर पडतो. कोन 45 अंशांच्या वर गेला की वजन खांद्याचा पुढचा भाग घेतो. छातीच्या मोठ्या स्नायूचे वरचे तंतू कॉलरबोनवरून निघून दंडाच्या हाडाकडे उतरतात. त्यांना 30 अंशांच्या आसपासचा तिरकेपणा पुरतो. बहुतेक बेंचवर ही सपाटनंतरची पहिली किंवा दुसरी खाच. खात्री नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पाठीच्या गादीवर ठेवून बघा. बसायची गादीही एक खाच वर घ्या, नाहीतर दर रेपला, म्हणजे वजन एकदा वर-खाली केलं की, तुम्ही खाली घसरत जाता.

मुख्य व्यायाम इन्क्लाइन डंबेल प्रेस. डंबेल मांड्यांवर उभे ठेवून बसा, मागे टेकताना एकेका गुडघ्याने ढकलून खांद्यापाशी आणा. पाठीचे दोन्ही फरे (खांद्यामागची चपटी हाडं) मागे-खाली ओढून गादीवर दाबून ठेवा. हे सुटलं की खांदे पुढे येतात आणि छाती कामातून बाहेर पडते. कोपरं अंगापासून 45 ते 60 अंशांवर, मनगट सरळ. दोन-तीन सेकंद घेत, डंबेल छातीच्या वरच्या भागाच्या बाजूला येईपर्यंत खाली आणा. वर नेताना ते एकमेकांवर आपटायचे नाहीत, आवाजाशिवाय काही मिळत नाही.

8 ते 12 रेपचे तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. त्याआधी निम्म्या वजनाचा एक सेट अंग गरम करायला. तिन्ही सेटमध्ये 12 नीट निघाले की हाताला 2 ते 2.5 किलो वाढवा. वजन झेपेनासं झालं की माणूस कंबर उचलतो. कंबर उचलली की धड सपाट होतं, म्हणजे तिरक्या बेंचवर पडून साधा बेंच प्रेस. अशा वेळी सरळ वजन उतरवा. खांद्याच्या पुढे टोचत असेल तर खाली जाणं थोडं कमी करा. तरीही टोचलं तर त्या दिवशी थांबा.

शेवटी केबल मशीन: पुली अगदी खाली, तळवे वर, कोपरं किंचित वाकवून हात हनुवटीच्या उंचीपर्यंत एकत्र आणायचे. हलक्या वजनावर 12 ते 15 चे दोन सेट. एवढं आठवड्यातून दोनदा, आणि छातीच्या दिवशी प्रेस सगळ्यांत आधी. थकल्यावर केलात तर खांदेच पुढे सरसावतात.

घरी करायचं असेल तर जोर, पण पाय वर ठेवून. इथे हमखास उलटं होतं: हात ओट्यावर ठेवले तर भार छातीच्या खालच्या भागावर जातो. पाय जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर किंवा फूटभर उंच स्टुलावर, हात जमिनीवर. तालमीतल्या जोरासारखी कंबर वर नेऊन झेप घ्यायची नाही, अंग फळीसारखं ताठ. स्टूल भिंतीला टेकवून ठेवा, फरशीवर ते सरकतं.