व्हीटी-२२० वर ओपनबीएसडी: आधी टर्मिनल, मग केबल, मशीन शेवटी

डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीचं व्हीटी-२२० टर्मिनल, म्हणजे तारेने संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, १९८३ सालचं. आजही ते युनिक्स मशीनचा कन्सोल (मशीनला थेट आज्ञा द्यायची जागा) म्हणून खुशाल चालतं; इथे ते ओपनबीएसडी या मोफत युनिक्स-घराण्यातल्या सिस्टिमच्या पीसीला जोडायचंय. नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांमध्ये एकेका युनिक्स पेटीला टर्मिनलं जोडून द्यायचं काम मी करत असे. तेव्हापासून माझी पद्धत एकच: टर्मिनल एकटं तपासायचं, नंतर केबल, आणि मशीनला हात सगळ्यात शेवटी. तिन्ही एकदम जोडलं आणि पडदा कोराच राहिला, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

टर्मिनलच्या मागे व्होल्टेजचा खटका असेल, तर तो २३० च्या बाजूला आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. परदेशातून आलेला माल ११५ वर असू शकतो. कीबोर्ड एलके-२०१, त्याची पिन टेलिफोनच्या रिसीव्हरला असते तसली, चार तारांची. चालू केल्यावर कीबोर्डवरचे दिवे लागून विझतात, घंटी वाजते आणि ‘व्हीटी-२२० ओके’ उमटतं. एफ-३ म्हणजे सेट-अप. तिथे ऑन-लाइनचं लोकल करा आणि काहीबाही टाइप करा. अक्षरं दिसली, की कीबोर्ड आणि पडदा दोन्ही शाबूत.

सेट-अपमधून बाहेर पडण्याआधी कॉमच्या (संपर्काच्या) पानावर ट्रान्समिट सेकंदाला ९६०० बिट, रिसीव्ह त्याच्याइतकाच, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, लोकल एको बंद, एक्सऑफ (‘जरा थांब’ सांगणारा संकेत) चालू. जनरलमध्ये व्हीटी-२०० मोड, ७ बिट कंट्रोल. मग ऑन-लाइन, आणि आठवणीने सेव्ह. नाहीतर वीज गेली की पहिले पाढे पंचावन्न. १९२०० पर्यंत वेग मिळतो, पण सुरुवात ९६०० नेच करा. एका अक्षराला सुरुवातीचा-शेवटचा बिट धरून १० बिट, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे ८० बाय २४ चा पडदा दोन सेकंदांत भरतो. एवढ्या वेगाने वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

केबलपाशी मात्र घोडं अडतं. टर्मिनलला २५ पिनांचा कनेक्टर, पीसीला ९ पिनांचा, आणि दोघंही स्वतःला टोकाचं यंत्र समजतात, म्हणून एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला जोडणारी नल मोडेम केबल हवी. गंमत अशी, की २५ आणि ९ मधले पाठवण्या-घेण्याच्या पिनांचे २-३ क्रमांक मुळातच उलटे आहेत. त्यामुळे नल मोडेममध्ये २ ला २, ३ ला ३ आणि जमिनीसाठी २५ कडची ७ ही ९ कडच्या ५ ला, अशी सरळ दिसणारी जोडणी असते. जी उलटी दिसते ती साधी मोडेमची केबल! दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, मल्टिमीटर काढा. केबल फक्त टर्मिनलला लावून ते चालू करा. मोकळ्या टोकाला काळी प्रोब ५ वर, लाल २ वर. उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास काही दिसलं तर केबल बरोबर. ते व्होल्ट ३ वर मिळाले तर केबल चुकीची, परत करा. हँडशेकच्या (‘तयार आहेस का’ विचारणाऱ्या) तारा सोडून द्या. टर्मिनलला ‘डेटा लीड्स ओन्ली’ सांगितलं की तीन तारांत भागतं.

मशीनला सीरियल पोर्ट मदरबोर्डवरचं हवं. यूएसबीचा कन्व्हर्टर बूट लोडरला (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) दिसत नाही. मागे पोर्ट नसलं तरी बोर्डावर १० पिनांचा हेडर बरेचदा असतो. त्याच्या ब्रॅकेटची वायरिंग दोन प्रकारची मिळते, तेव्हा बोर्डाचं मॅन्युअल बघूनच घ्या. बायोसमध्ये पोर्टचा पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४ ठेवा; ओपनबीएसडी यालाच कॉम-झिरो म्हणतं.

पहिल्या दोन ओळींपुरता पीसीचा कीबोर्ड आणि मॉनिटर लागतो. इन्स्टॉलची पेनड्राइव्ह लावून सुरू करा. ‘बूट’ प्रॉम्प्ट पाचच सेकंद थांबतो, तेवढ्यात ‘एसटीटीवाय कॉम-झिरो ९६००’ द्या, मग ‘सेट टीटीवाय कॉम-झिरो’. क्रम बदलू नका. मॉनिटरवर कन्सोल बदलल्याचा निरोप येतो आणि पुढचा प्रॉम्प्ट टर्मिनलवर उगवतो. इथून इन्स्टॉलर कीबोर्डच्या लेआउटऐवजी टर्मिनलचा प्रकार विचारतो, कारण कळांचं काय करायचं ते आता टर्मिनलच बघतं. व्हीटी-२२० त्याने आधीच सुचवलेलं असतं, एंटर मारा. पुढे कॉम-झिरो हाच कायमचा कन्सोल करू का, असं विचारेल. हो म्हणा, वेग ९६००. बूट.कॉन्फ (बूटच्या आज्ञा) आणि टीटीवायएस (लॉगिनच्या टर्मिनलांची यादी) या फायली तोच लिहितो. पुढे कधी टीटीवायएस हाताने बदललीत तर प्रोसेस क्रमांक १ ला एचयूपी सिग्नल (फाइल पुन्हा वाच, अशी खूण) द्या, रीबूटची गरज नाही.

आता एलके-२०१ चे नखरे. एस्केपची कळ नाही! व्हीआय हा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांना ती सतत लागते, त्यांनी कंट्रोल आणि चौकटी कंस उघडणारी कळ, किंवा कंट्रोल-३ बोटांत बसवून घ्या. शिफ्ट धरून पूर्णविराम दाबलात तर पूर्णविरामच येतो. आउटपुट फाइलमध्ये वळवायचं ‘पेक्षा मोठे’ चिन्ह झेडच्या डावीकडच्या वेगळ्या कळीवर आहे. पडदा अचानक गोठला तर मशीनला शिव्या देण्याआधी होल्ड स्क्रीनचा दिवा बघा, एफ-१ ला धक्का लागलेला असतो. एफ-५ म्हणजे ब्रेक, मशीनचं लक्ष वेधणारा खास संकेत, त्याच्याशी खेळू नका. सनच्या जुन्या स्पार्क मशीनवर तर नुसतं टर्मिनल बंद केलं तरी ब्रेक गेल्यासारखं होऊन चालती सिस्टिम थांबून फर्मवेअरच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर येऊ शकते. तिथे ‘गो’ लिहा.

मराठी फायली या पडद्यावर कॅट करू (सरळ ओतू) नका. टर्मिनलला यूटीएफ-८ (मराठी अक्षरं बाइटांत साठवायची आजची पद्धत) कळत नाही. ‘छ’चा तिसरा बाइट ९बी, आणि व्हीटी-२०० मोडमध्ये ९बी म्हणजे कंट्रोल आज्ञेची सुरुवात, त्यामुळे पुढची अक्षरं टर्मिनल आज्ञा म्हणून गिळतं. या लॉगिनपुरतं एलसी-सीटाइप (अक्षरसंचाची सेटिंग) ‘सी’ ठेवा. फायलींची यादी देणारी एलएस ही आज्ञा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवेल, पण पडदा जागेवर राहील. तरीही बिघडलाच तर सेट-अपमध्ये रिसेट टर्मिनल.