अभिरूप निवडणुकीतील प्रचारासाठी चाळीस चिठ्ठ्या
मुलांच्या अभिरूप, म्हणजे सरावासाठी भरवलेल्या लुटुपुटुच्या विधानसभेत प्रतिस्पर्धी प्रचार रंगवताना ज्या गटाचा आवाज मोठा तोच बाजी मारतो आणि मुद्दे मागे पडतात. यावर सोपा उपाय असा, की महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला असलेली ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा धरून प्रत्येक उमेदवाराच्या गटाला एका लाखाची एक अशा ४० चिठ्ठ्या द्याव्यात आणि सभा, पदयात्रा, भित्तिपत्रके यांचे दर फळ्यावर लिहून ठेवावेत. एका सभेला दहा चिठ्ठ्या मोजाव्या लागल्या, की काय बोलायचे हे मुले आधी बसून नीट ठरवतात. खर्चाची नोंद तटस्थ निरीक्षकाने वहीत ठेवावी. मतदान संपण्यापूर्वीची ४८ तासांची प्रचारबंदी येथे ४८ मिनिटांची करावी. मात्र ४० लाखांची ही खर्चमर्यादा उमेदवाराची आहे, पक्षाची नव्हे, हे मुलांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.