बेडूक वाढवून निसर्गात सोडताय? या चुका टाळा

उभयचरांच्या प्रजननात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आकडा. वाघिणीला दोन बछडे झाले तरी प्राणीसंग्रहालयात पेढे वाटले जातात. इथे एक मादी एका रात्रीत शेकडो, काही जातींत हजारो अंडी घालते. थोड्याच दिवसांत टाक्या टॅडपोलनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बेडूकमाशांनी, काळ्याभोर दिसायला लागतात. मग कुणीतरी म्हणतं, "एवढे झालेत, आता सोडून टाकू." खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघतात.

एकाच खोलीत दोन खंडांतले बेडूक

ही चूक सविस्तर सांगायला हवी, कारण तिची किंमत प्राणीसंग्रहालयाच्या भिंतीबाहेर मोजावी लागते.

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर एक छोटा टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, राहतो. मादीने घातलेल्या अंड्यांची माळ नर मागच्या पायांना गुंडाळून फिरवतो, म्हणून त्याला सुईण टोड म्हणतात. 1977 मध्ये तो जीवाश्मांवरून शास्त्राला माहीत झाला, आणि काही वर्षांतच डोंगरातल्या चुनखडीच्या घळींमध्ये जिवंत सापडला. 1985 पासून जर्सी बेटावरच्या प्राणीसंग्रहालयात त्याची पैदास सुरू झाली आणि 1989 पासून टॅडपोल मायोर्काला परत जाऊ लागले. नव्या डोहांत टोड स्थिरावले. उभयचरांच्या बाबतीत असं यश तेव्हा फार कमी ठिकाणी मिळालं होतं.

पुढे बेटावरच्या काही डोहांत कायट्रिड ही बेडकांच्या कातडीत वाढणारी जीवघेणी बुरशी सापडली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या बुरशीचा आनुवंशिक ठसा तपासला, तेव्हा तो स्पेनच्या मुख्य भूमीवरच्या वाणांशी जुळला नाही. धागा प्रजनन केंद्रापर्यंत गेला: सुईण टोड जिथे वाढवले जात होते, तिथेच दक्षिण आफ्रिकेतले पंजेवाले बेडूक ठेवलेले होते. ते बेडूक अंगावर बुरशी घेऊनही ठणठणीत राहतात. त्यांच्याकडून ती टोडमध्ये आली आणि सोडलेल्या जनावरांबरोबर घळीत पोचली. त्या काळात कुणाला दोष देता येत नाही, कारण या बुरशीला शास्त्रीय नावच 1999 मध्ये मिळालं. आज मात्र ही सबब चालणार नाही.

तिथली साफसफाई किती अवघड होती, तेही माहीत असू द्या. डोहांतले टॅडपोल पकडून त्यांना इट्राकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या आंघोळी दिल्या, डोह उपसले आणि जनावरं परत सोडली. संसर्ग पुन्हा आला. शेवटी जनावरं बाहेर असताना डोहाचे खडकच व्हर्कोन या जंतुनाशकाने निर्जंतुक करावे लागले, तेव्हा कुठे बुरशी गेली. 2015 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. खडकातले मोजके सुटे डोह होते म्हणून ते जमलं. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत, पाणथळ सड्यांवर असं काही करणं शक्यच नाही.

टॅडपोलमध्ये हा रोग नजरेला का पडत नाही, हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. कायट्रिड केराटिनवर, म्हणजे कातडीतल्या टणक प्रथिनावर, वाढते आणि टॅडपोलच्या अंगात केराटिन फक्त तोंडाच्या दातेरी भागात असतं. म्हणून तो खातो, पोहतो, वाढतो. रूपांतर होऊन अंगभर केराटिनयुक्त कातडी आली की बुरशी पसरते आणि इवले बेडूक पटापट मरतात. तोवर तुम्ही त्याचे सख्खे भाऊ डोहात सोडून मोकळे झालेले असता. टॅडपोलच्या पाठीवरून स्वॅब फिरवून "निगेटिव्ह" लिहिलेले कागद पाहिले की जीव तुटतो. टॅडपोलचा स्वॅब तोंडाचाच घ्यायचा. प्रौढाचा घ्यायचा तर पोट, दोन्ही कुशी, मांड्यांची आतली बाजू आणि पायांचे पडदे, प्रत्येक ठिकाणी किमान पाच वेळा, हलक्या हाताने पण कातडीला टेकवून. एक निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घ्या.

सोडण्यासाठी वाढवायची जात वेगळ्या खोलीतच हवी. वेगळी टाकी किंवा वेगळं कपाट पुरत नाही. खोलीचे स्वतःचे गमबूट, जाळ्या, बादल्या, पाण्याचा पाइप. माझी सवय अशी की खोलीतल्या प्रत्येक वस्तूला एकाच रंगाची चिकटपट्टी लावायची. दुसऱ्या रंगाची बादली आत दिसली की ती कशी आली हे विचारल्याशिवाय पुढचं काम होत नाही. सकाळी आंघोळ करून, इतर कुठल्याही बेडकाला हात न लावता आधी या खोलीत, आणि विलगीकरणातले नवे प्राणी सगळ्यांत शेवटी. विलगीकरण किमान 30 दिवसांचं सांगतात, पण सोडायच्या जनावरांसाठी मी त्याच्या दुपटीखाली येत नाही. विसाव्या दिवशी नवा प्राणी आत आला, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. इथेच लोक सूट मागतात. देऊ नका.

निर्जंतुकीकरणाला 1 टक्का व्हर्कोन, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. चिखल आधी ब्रशने धुऊन काढा, कारण मातीत औषध निकामी होतं. गुलाबी रंग फिका पडला की द्रावण ओतून द्या. नंतर वस्तू भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. कोरडेपणा ही बुरशी सहन करू शकत नाही. टाक्यांचं सांडपाणीही निर्जंतुक करूनच सोडायचं. हे जवळपास सगळेच विसरतात.

टॅडपोल हाताळताना लॅटेक्सचे हातमोजे नकोत, त्याने टॅडपोल मरतात. बिनपावडरचे नायट्राइल घ्या आणि तेही आधी धुऊन.

औषध प्रौढाचं, रोगी टॅडपोल

इट्राकोनॅझोलची जुनी पद्धत 0.01 टक्के द्रावणात रोज 5 मिनिटं, 11 दिवस. ती प्रौढांसाठी आहे. टॅडपोल आणि नुकतेच रूपांतर झालेले बेडूक याहून खूप सौम्य प्रमाणातच टिकतात, आणि तरीही टॅडपोलचा रंग उडू शकतो. प्रमाण पशुवैद्याने ठरवायचं. शिवाय आंघोळीनंतर बेडूक रोज स्वच्छ, नव्या डब्यात जायला हवा. त्याच जुन्या शेवाळात परत ठेवला तर अकरा दिवस फुकट गेले.

पोट भरलं म्हणजे पोषण झालं

टांझानियातल्या किहान्सी घळीतला फवारा-टोड जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. धबधब्याच्या तुषारांनी भिजणारा काही एकरांचा पट्टा हेच त्याचं जग. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि ती तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. 1996 मध्ये तो सापडला. थोड्याच वर्षांत धरणासाठी धबधब्याचं बहुतेक पाणी वळवलं गेलं, म्हणून 2000 च्या अखेरीस 499 टोड न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयात नेले. इकडे घळीत 2003 मध्ये टोडची संख्या कोसळली, मेलेल्यांत कायट्रिड सापडली आणि 2009 मध्ये ही जात जंगलातून नामशेष म्हणून जाहीर झाली.

बंदिवासातही पहिली काही वर्षं भयंकर गेली. टोड वेगवेगळ्या प्राणीसंग्रहालयांत वाटले होते. फुप्फुसातले जंत, संसर्ग आणि पोषणाच्या गडबडीने संख्या शंभराच्या खाली आली. अखेर ब्राँक्स आणि टोलिडो या दोन ठिकाणी ती सावरली. प्रकाश, खाद्य, पाणी, जंत या सगळ्यांवर एकाच वेळी चिकाटीने काम झालं, म्हणून ती सावरली. तुषारांसाठी घळीत फवाऱ्यांची यंत्रणा बसवली गेली, 2010 मध्ये 100 टोड दार-एस-सलामला परतले आणि 2012 मध्ये पहिल्यांदा घळीत सोडले गेले. पकडल्यापासून बारा वर्षं. "यंदाच्या पावसाळ्यात सोडू का?" असं विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खाद्यात नेमकं काय चुकतं? रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कित्येक पट जास्त असतो. नुसते रातकिडे खाणाऱ्या बेडकाची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. म्हणून किड्यांना आधी 48 तास सुमारे 8 टक्के कॅल्शियमचं खाद्य द्यायचं आणि लगेच बेडकांपुढे टाकायचं. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, पण किडा बेडकापुढे टाकायच्या अगदी आधी. किडा काही तासांत अंग साफ करून घेतो. संध्याकाळी खाणाऱ्या बेडकाला सकाळी पूड लावलेले किडे टाकणं म्हणजे पूड वाया.

जीभ बाहेर पडते, नेम बरोबर लागतो, तरी किडा चिकटत नाही, असं दिसलं तर आधी 'अ' जीवनसत्त्वाची शंका घ्या. त्याच्या कमतरतेने जिभेवरचा चिकट स्राव बनणं थांबतं. गाजर खाऊ घातलेले किडे हा त्यावर उपाय नाही. अनेक बेडकांना कॅरोटीनपासून पुरेसं 'अ' बनवता येत नाही, तयार रेटिनॉल लागतं. तेही मनाने वाढवू नका, जादा 'अ' हे 'ड' च्या कामात आडवं येतं. जीवनसत्त्वाच्या पुडीचा डबा उघडला की झाकणावर तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, सहा महिन्यांनी टाकून द्या. अर्धा डबा शिल्लक असला तरी.

यूव्ही-बी (अतिनील किरणांचा) दिवा काचेवर ठेवून खाली बेडूक बसवणं ही जुनी चूक. काच ते किरण अडवते, बारीक जाळीही बरंच अडवते. दिवा पेटतोय म्हणजे यूव्ही मिळतंय असं नाही. मीटरने, बेडूक बसतो त्या उंचीवर मोजा. आणि सावलीला पानं ठेवा, नकोसं झालं तर त्याला बाजूला जाता आलं पाहिजे.

पाणी

नळाचं पाणी 24 तास हवा सोडून ठेवलं तर क्लोरीन जातो, क्लोरामाइन जात नाही. आधी तपासा. आरओचं पाणी नुसतंच वापरू नका, त्यात क्षार परत घालावे लागतात. सुरुवातीला लिटरला एक टॅडपोल, त्याहून दाटी नको. पुढचे पाय फुटले की पाण्याबाहेर चढता येईल असा उतार द्या, नाहीतर बुडून मरतात. शेपटी जिरेपर्यंत त्यांना खाऊ घालू नका. आतडी बदलत असतात आणि अन्न फक्त पाणी खराब करतं.

ऋतू वगळून इंजेक्शन

पोर्टो रिकोतला तुरेवाला टोड हा अमेरिकी प्राणीसंग्रहालयांनी एकत्रित प्रजननासाठी घेतलेला पहिला उभयचर. 1984 पासून हे काम चालू आहे. तिथला क्रम बघा: आधी काही आठवडे थंड, कोरडी विश्रांती, मग पावसाच्या खोलीत कृत्रिम पाऊस आणि त्याच्या जोडीला संप्रेरक. घाई झालेले लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट सुईकडे वळतात. मादीत अंडी पिकलेलीच नसतील तर संप्रेरकाने काय बाहेर येणार? आलीच तर कच्ची येतात, फलत नाहीत, आणि मादीला पुढच्या हंगामालाही मुकावं लागतं. पोटाशी टॉर्च धरून किंवा सोनोग्राफीने अंडी दिसल्याशिवाय सिरिंज भरू नये.

एका जोडीची हजार पिल्लं

नात्यात नसलेले 20 जंगली प्राणी सगळे सारखे वंशज देत असतील, तर मूळ आनुवंशिक विविधतेपैकी साधारण 97.5 टक्के टिकते. पण एका उत्साही जोडीचे चार हजार टॅडपोल आणि बाकीच्यांचे पन्नास-पन्नास झाले, तर त्या वीसचा उपयोग राहत नाही. प्रत्येक अंड्यांच्या पुंजक्यातून ठराविक संख्याच पुढे न्या. बाकीच्यांचं काय करायचं, हा कठीण निर्णय अंडी पडण्याआधी लेखी घेऊन ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांची सरमिसळही मनाने करू नका.

सोडण्याचा दिवस

निघण्याआधी 24 तास टॅडपोलला खाऊ घालू नका. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, बाहेर थर्माकोलची पेटी. पोचल्यावर बंद पिशवी डोहात तरंगत ठेवून तापमान जुळू द्या. एकदा उघडली की रेंगाळू नका: साठलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू (pH) वाढतो आणि पाण्यातला अमोनियम विषारी अमोनिया बनतो. टॅडपोल जाळीतून डोहात जातील, पिशवीतलं पाणी मात्र बादलीत, आणि बादली परत केंद्रावर. फोटोसाठी पिशवी डोहात उपडी करणाऱ्यांना मी थांबवतेच.

सह्याद्रीत काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांत कायट्रिडची नोंद 2013 मध्येच प्रसिद्ध झाली आहे. आंबोलीचा टोड जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. ती डबकी आटताना दिसली की टॅडपोल उचलून दुसरीकडे सोडण्याचा मोह होतो. तो आवरा. उचललेल्या टॅडपोलबरोबर काय जातंय हे डोळ्यांना दिसत नाही. बूटसुद्धा एका सड्यावरून दुसऱ्यावर जाताना ब्रशने घासून, निर्जंतुक करून, वाळवूनच.

सोडलेल्या टॅडपोलची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापली जाते. मी ती शेवटच्या पानावर टाकते. पहिल्या पानावर एकच रकाना असतो: त्या डोहावर प्रौढ नर ओरडताना ऐकू आले का, आणि कोणत्या तारखेला. अनेक जातींत तो भरायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून तेवढ्या पावसाळ्यांचा रात्रीच्या फेऱ्यांचा खर्च सोडण्याच्या खर्चातच आधी धरून ठेवायचा.