घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी जुना कॉम्प्युटर कसा निवडावा

पाच-सात मित्रांना मिळून माइनक्राफ्ट खेळायचं असेल, तर सर्व्हरसाठी नवा कॉम्प्युटर घेण्याची गरज नाही. कंपन्यांतून निघालेला आठ-दहा वर्षं जुना ऑफिस पीसी हे काम उत्तम करतो. तो घेताना बहुतेक जण रॅम किती, कोअर किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, एवढंच विचारतात. पण सर्व्हरला सगळ्यात जास्त हवा असतो तो एका कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाचा, वेग.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सेकंदाला 20 टिक, म्हणजे खेळाचं जग पुढे सरकवणाऱ्या 20 फेऱ्या, चालवतो. एका टिकच्या वाट्याला 50 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्राणी, रेडस्टोन (खेळातली वीज), हॉपर (वस्तू पुढे ढकलणारी नळी), वाढणारी पिकं, सगळ्यांचा हिशेब पुरा व्हावा लागतो आणि तो मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, होतो. वेळेत संपला नाही की जग मंदावतं. फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसतो, झोंबी अडखळत चालतात. बाकीचे कोअर रिकामे असूनही इथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

1. प्रोसेसर

2012 चा झिऑन ई5-2650 हा इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर आठ कोअरचा आहे, पण त्याचा मूळ वेग 2 गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे जोर लावल्यावरचा वेग, 2.8. इंटेल आय5-4590 चार कोअरचा, पण 3.3 ते 3.7 गिगाहर्ट्झवर चालतो. या कामासाठी आय5 घ्या. झिऑन कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडा. मात्र गिगाहर्ट्झची तुलना एकाच घराण्यातल्या प्रोसेसरमध्ये करावी. एएमडीचा एफएक्स-8350 हा 4 गिगाहर्ट्झचा असूनही दर कोअरमागे या आय5 च्या मागे पडतो. शंका असेल तर प्रोसेसरची चाचणी घेणाऱ्या पासमार्कच्या वेबसाइटवरच्या तक्त्यात ‘सिंगल थ्रेड’चा आकडा पाहा. 2000 च्या आसपास किंवा वर असला की पाच-सात जणांचं निभतं.

नंबरच्या शेवटचं अक्षरही वाचा. आय5-6500 हा 3.2 ते 3.6 गिगाहर्ट्झचा, तर आय5-6500टी 2.5 ते 3.1 चा. ‘टी’वाला वीज कमी खातो, पण वेगही कमी देतो. शेवटी ‘एफ’ असेल, किंवा झिऑन ई3-1231 व्ही3 सारखा प्रोसेसर असेल, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. मग निदान बायोस (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) आणि इन्स्टॉलेशनची स्क्रीन दिसण्यासाठी तरी वेगळं कार्ड लागतं. इतर मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका. सर्व्हरला त्याचा उपयोग नाही आणि विजेचं बिल मात्र वाढतं.

2. रॅम आणि डिस्क

एकूण 8 जीबी रॅम पुरते. त्यातली 4 जीबी जावाला, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रोग्रामला, द्या. मॉड (खेळात भर घालणारे जोड-प्रोग्राम) लावणार असाल तरच 16 जीबी घ्या. उगाच जास्त मेमरी देऊन ठेवली तर जावा न लागणारी मेमरी साफ करताना जे थांबे घेते ते लांबू शकतात. चौथ्या पिढीच्या (आय5-4590 सारख्या) इंटेलला डीडीआर3 प्रकारची रॅम लागते. सहाव्या पिढीच्या (आय5-6500 सारख्या) ऑफिस पीसींत बहुधा डीडीआर4 असते. खोका छोटा असेल तर लॅपटॉपच्या मापाची रॅम लागते, हे आधीच विचारा.

हार्ड डिस्कवर जग ठेवू नका. कोणी नव्या प्रदेशात उडत निघालं की डिस्क मागे पडते आणि सगळ्यांनाच झटके बसतात. 240 जीबीची साटा एसएसडी पुरेशी आहे.

3. पैसे देण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गावातल्या दुकानात, मशीन तिथेच चालू करून पाहा. बायोसला पासवर्ड असेल तर दुकानदाराकडून तो काढून घ्या, नाहीतर मशीन सोडा. कॅबिनेट उघडून फुगलेले कपॅसिटर आहेत का ते बघा. डिस्क जुनीच वापरणार असाल तर तिच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टर शून्य हवेत. घरी आणल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही चूक आली तर ती रॅम बदला, कारण खराब रॅम जगाची फाइल गुपचूप बिघडवते.

डेलच्या ऑप्टिप्लेक्स 3020, 7020, 9020 यांत मदरबोर्डला नेहमीच्या 24 पिनांऐवजी 8 पिनांचा जोड असतो. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला तर बाजारातला साधा थेट बसत नाही. त्याच मापाचा शोधा किंवा कन्व्हर्टर केबल घ्या.

जुना लॅपटॉपही चालतो आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर आधार देते. पण बॅटरी फुगलेली असेल तर ती काढल्याशिवाय लॅपटॉप विजेला लावू नका.

4. वीज

सर्व्हर चोवीस तास चालणार. सरासरी 30 वॉट घेणारं मशीन महिन्याला 21.6 युनिट खातं, 60 वॉटचं 43.2. युनिटला 8 रुपये धरले तर फरक महिन्याला 173 रुपयांचा. दोन वर्षांत तो चार हजारांच्या वर जातो, म्हणून स्वस्त पण खादाड मशीन परवडत नाही.

बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ असा पर्याय शोधा आणि तो ‘ऑन’ करा, म्हणजे वीज परतली की मशीन आपोआप सुरू होईल. त्यासोबत लहान यूपीएस हवाच. जग सेव्ह होत असताना वीज गेली तर तेवढा भाग खराब होऊ शकतो. घड्याळ दरवेळी मागे पडत असेल तर सीआर2032 सेल बदला. पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरची थर्मल पेस्ट नव्याने लावा. ती वाळलेली असली की मशीन तापतं आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

5. सिस्टिम आणि नेट

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर ही लिनक्स सिस्टिम टाका. माइनक्राफ्ट 1.20.5 पासून 1.21 मालिकेपर्यंत जावा 21 लागते.

राउटरपर्यंत वायर टाका, वायफायवर भिस्त ठेवू नका. मग राउटरच्या सेटिंगमध्ये 25565 हा पोर्ट (माइनक्राफ्टची जोडणी येते तो क्रमांक) मशीनकडे वळवा. तरीही बाहेरचे मित्र जोडले जात नसतील तर राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता, पाहा. तो 100.64 ते 100.127 या पट्ट्यात असेल, तर तुमचं कनेक्शन इतर ग्राहकांबरोबर वाटलेल्या पत्त्यावर आहे आणि पोर्ट वळवून काहीही होणार नाही. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, कायमचा पत्ता) घ्या, नाहीतर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल हा खासगी नेटवर्क जोडणारा प्रोग्राम टाका.

6. चाचणी

सगळे मित्र एकदम खेळत असताना सर्व्हरच्या कन्सोलवर ‘टिक क्वेरी’ ही आज्ञा द्या (1.20.3 पासून ती खेळातच आहे). एका टिकला लागणारी सरासरी वेळ 30 मिलिसेकंदांच्या आत असेल तर मशीन आरामात आहे. 45 च्या वर असेल तर आधी सिम्युलेशनचं अंतर (खेळाडूभोवती किती दूरपर्यंत जग हलतं ते) 10 वरून 6 करा आणि पुन्हा मोजा. फक्त नवा प्रदेश उघडतानाच झटके येत असतील, तर पेपर (माइनक्राफ्ट सर्व्हरची प्लगइन चालवणारी आवृत्ती) वापरून त्यावर चंकी हे प्लगइन टाकून हवा तेवढा प्रदेश रात्रीतून आधीच तयार करून ठेवा.