नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोल्याखोल्यांत नवे लॅपटॉप येतात आणि पाठोपाठ ठरलेली तक्रार येते: ‘लिनक्स टाकलं आणि सगळं बिघडलं.’ बऱ्याचदा बिघाडाचं मूळ लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी किंवा विंडोजच्या जोडीला चालणाऱ्या या मोफत ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, नसतंच. ते विंडोजच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतं, नाहीतर हातातल्या पेनड्राइव्हमध्ये.

सगळ्यात महागात पडतं ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. विंडोज 11 वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होते, आपल्याला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय, बंद केलं, की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की (कुलूप उघडायचा कोड) मागतं. ही की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. पण दुकानातच सेटअप करून घेतला असेल, तर अकाउंट कुणाच्या मेलवर उघडलंय ते आधी बघा. बायोसला हात लावण्याआधी ती की वहीत उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही, हेही सांगावं लागतं! किंवा सेटिंग्जमधून एनक्रिप्शन बंद करा आणि डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत धीर धरा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं ती सोय) बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी (लॅपटॉपची डिस्क) दिसतच नाही? इंटेलच्या मशीनवर बायोसमधलं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं करून ठेवा, मग बदल करा.

दुसरी हमखास चूक म्हणजे हॉस्टेलभर फिरणारा तोच जुना पेनड्राइव्ह. त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) 22.04 ची पहिली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, असेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.15 चा. रिअलटेकच्या 8852बीई वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला 6.2 पासून, म्हणजे 2023 मध्ये. मग वायफाय दिसणार कुठून? नव्या मशीनला नवी आयएसओ घ्या, 24.04 मध्ये सुरुवातच 6.8 पासून आहे. तरीही अडलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा आणि अपडेट मारा. आणि इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह मोडमध्ये (थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून) वायफाय, आवाज, माइक तपासा. झाकण बंद करून उघडूनही बघा. बॅगेत तापलेला लॅपटॉप सापडला की झाकण मिटल्यावर तो नीट स्लीपमध्ये जात नव्हता हे कळतं, पण तोवर बॅटरी संपलेली असते.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट दोन्ही असतील, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि ड्रायव्हर चालत नाही. तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची सही मशीनला मान्य करायला लावणारा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

विंडोजमध्ये परत गेल्यावर रात्री आठ वाजता घड्याळ अडीच दाखवतंय? घड्याळाचा सेल गेलेला नाही. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगा, एका कमांडचं काम.

आणि घरच्या हळदीच्या पेढीचं टॅलीही याच लॅपटॉपवर चालणार असेल, तर विंडोज पुसू नका. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह कमी करून उरलेल्या जागेत लिनक्स बसवा.